फुंकणीचं गार टोक

मी हट्टी आहे, हे आमच्या घरात सगळेच सांगतात. मी बहुतेक वेळा बरोबर असते, हे मात्र मलाच सांगावं लागतं. म्हणून दादाच्या पोटाची गोष्टही मीच सांगते. बाबा सांगायला बसले तर ती भट्टीपासून सुरू होऊन भट्टीपाशीच संपेल, आणि दादाला विचारलंत तर तो म्हणेल, "काही नाही हो, जरा पोट बिघडलं होतं."

जरा पोट बिघडलं होतं म्हणे. माणूस भट्टीसमोर उभ्या उभ्या पांढराफटक पडला होता.

आमचं काम काचेचं. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली भट्टी, तिच्यासमोर बाबांचा बाक, भिंतीला टेकवून ठेवलेल्या लांब लोखंडी फुंकण्या, आणि कोपऱ्यात तयार माल सावकाश गार करायची दुसरी, छोटी भट्टी. दिव्यांचे गोल, सुरया, फुलदाण्या, कोणी मागितल्या तर झाकणाच्या बरण्या. यंत्रातून भसाभस पडणाऱ्या बाटल्यांशी आमचं काही देणंघेणं नाही. आमचा प्रत्येक नग माणसाच्या श्वासानं फुगलेला असतो आणि गिऱ्हाईक आमच्या दारात येतं ते त्यासाठीच.

तो श्वास काही एकट्याचा नसतो. फुंकणीच्या टोकावर भट्टीतल्या काचेचा लाल गोळा उचलायचा आणि त्यात पहिली फुंक घालायची ती बाबांनीच, हा आमच्या घरचा नियम. बाबा म्हणतात, नगाचा स्वभाव पहिल्या फुंकेतच ठरतो. मग ते बाकावर बसून फुंकणी गोल गोल फिरवत चिमट्यानं आकार देतात, आणि दादा दुसऱ्या टोकाला ओणवा होऊन फुंकतो. त्याला दम लागला की मी. एकाच्या तोंडातून निघालेली फुंकणी तशीच दुसऱ्याच्या तोंडात. मध्ये पुसायला वेळ नसतो, काच कोणासाठी थांबत नाही. आणि वेळ असता तरी कोणी पुसली नसती. आमच्यात फुंकणी पुसणं म्हणजे समोरच्याला तोंडावर सांगणं, की मला तुझी किळस येते.

पूर्वी हे काम बाबा आणि आई मिळून करायचे. आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. त्यानंतर तिच्या जागी दादा ओणवा राहिला आणि दादाच्या मागे मी. बाबा तिच्याबद्दल बोलत नाहीत. विषय निघाला तर उठून भट्टीचं दार उघडतात, जणू आत कोणीतरी हाक मारतंय.

त्या दिवशी एका मोठ्या दिव्याचा गोल चालला होता. दादानं गाल फुगवले, आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बरं, माणसानं फुंकणी टाकावी आणि बसावं की नाही? नाही. आधी फुंकणी माझ्या हातात दिली, मी ती तोंडाला लावल्याची खात्री केली, आणि मग खाली बसला. असला आमचा दादा. पुढे दवाखान्यात दुर्बीण घालून बघितलं, तर पोट संपून आतडं सुरू होतं तिथे जखम, आणि जखमेतून रक्त. जखम कशानं, तर एका जंतूनं. पोटातल्या आम्लात सगळं विरघळतं, हा पठ्ठ्या मात्र तिथेच घर करून राहतो. दादानं मूठमूठ गोळ्या घेतल्या, जखम भरली, तपासणीत जंतू गेल्याचं कळलं, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

माझी वहिनी शाळेत शिकवते. तिनं त्यानंतर घराचाच वर्ग केला. प्रत्येकाचं ताट वेगळं, पेला वेगळा, चमचा वेगळा, टॉवेल वेगळा. प्रत्येक नळाशी साबण. भांड्यातला डाव तोंडाला लावून चव बघायची बाबांची सवय तिनं एका नजरेत बंद केली. बाबा कुरकुरले, पण वहिनीपुढे त्यांची डाळ शिजत नाही. स्वयंपाकघर इतकं चकचकीत झालं की मला तिथे पाणी प्यायचीही भीती वाटायची.

आणि वर्ष उलटलं नाही तोच दादाचं पोट पुन्हा दुखायला लागलं. त्यानं आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. वहिनीनं एकदा त्याला बाथरूमच्या दाराशी भिंत धरून उभं असलेलं पाहिलं, तेव्हा कुठे त्यानं काळ्या शौचाची, म्हणजे आतून रक्त जात असल्याची, कबुली दिली.

दादा, वहिनी आणि मी, आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. बाई शांत. रिपोर्ट बघून त्यांनी ना कपाळाला आठ्या घातल्या, ना उसासा टाकला.

"परत आलाय," त्या म्हणाल्या. "गेल्या वेळी चाचणीत काही निघालं नव्हतं. आता एकतर तो कुठेतरी दडून राहिला होता, नाहीतर बाहेरून परत आला."

"बाहेरून कुठून येणार?" वहिनीचा आवाज चढला. "मी घरात एक चमचा इकडचा तिकडे होऊ देत नाही."

"हा बहुतेक घरातल्याच माणसांकडून येतो. तोंडातून तोंडात, उलटीतून, नीट न धुतलेल्या हातांतून, कधी पाण्यातून. कोणाला नेमका कोणत्या वाटेनं आला ते छातीठोकपणे नाही सांगता येत. बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि जन्मभर पोटात मुक्काम ठोकून असतो. कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो." मग त्या दादाकडे वळल्या. "तुम्ही काम काय करता?"

"काच फुंकतो."

"एकटेच?"

"नाही, बाबा, मी आणि ही."

"फुंकणी प्रत्येकाची वेगळी असते?"

दादा हसला. मीही हसले. मग मी बाईंना जरा शहाणपणानंच समजावून सांगितलं. फुंकणी भट्टीत जाते. तिथे लोखंड लाल होतं. तिथे जंतूच काय, जंतूचा बापही टिकायचा नाही. आमच्या घरात फुंकणीइतकी स्वच्छ वस्तू दुसरी नाही, आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन्ही टोकं लाल होतात?"

मी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. दोन्ही टोकं लाल कशी होतील? दुसऱ्या टोकाला आमचे ओठ असतात. ते टोक गार राहावं म्हणून तर सगळी धडपड. तापायला लागलं की ते बाकाशेजारच्या बादलीत बुडवायचं. बादली एकच, तिघांची. तिच्यातलं पाणी संध्याकाळी बदलतो, तेही काजळी दिसायला लागते म्हणून. इतकी वर्षं आगीसमोर उभं राहून आमची पक्की समजूत झाली होती की जे काही असेल ते आग बघून घेते. चमचे उकळून झाले, टॉवेल वेगळे झाले, आणि फुंकणी दिवसभर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात फिरत राहिली. अशी चूक करायला भट्टीवालाच पाहिजे.

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलावरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"तिथूनच आला असं माझं म्हणणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आजपासून ज्याचं तोंड त्याचंच टोक. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. ज्यांच्यात निघेल त्यांनी औषध एकाच वेळी सुरू करायचं. नाहीतर एकानं घर झाडायचं आणि दुसऱ्यानं कचरा आत आणायचा, असं होईल." मग दादाला म्हणाल्या, "तुमच्याकडे फार वेळ नाही. पुन्हा पहिल्यासारखं रक्त सुटलं तर पोट उघडावं लागेल. तिथवर जायचं नाहीये आपल्याला."

परतताना वाटेत वहिनी एकच वाक्य बोलली. "बाबांनी तपासणी केली नाही तर मी याला भट्टीवर पाठवणार नाही." ती बोलते ते करते, म्हणून मला ती आवडते.

मी हात चोळत बसणारी नाही. त्याच दिवशी लेथवाल्याकडे गेले आणि फुंकणीच्या तोंडावर बसतील अशी, मधून भोक असलेली पितळी टोपणं करून घेतली, एका खाचेचं बाबांचं, दोन खाचांचं दादाचं, तीन खाचांचं माझं. फुंकणी हातात आली की आपलं टोपण चढवायचं, झालं की काढून आपल्या खिशात. गार फुंकणीवर सराव करताना दोन दिवस माझे हात अडखळले, मग बसले. बादलीच्या जागी मी प्रत्येकाच्या टोपणासाठी पाण्याचा वेगळा डबा ठेवला. मी आणि वहिनीनं तपासणीही करून घेतली. वहिनीच्या पोटात काही निघालं नाही. माझ्यात निघाला. मला जन्मात साधी जळजळ झालेली नाही, मी रात्रीचं उरलेलं सकाळी थंडच खाते, आणि हा पाहुणा माझ्याकडे आरामात राहतोय. मला त्याचा असा राग आला, जसा भाडं न देता माझ्या खोलीत राहणाऱ्याचा यावा.

आता राहिले बाबा. त्यांनी आपलं टोपण उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि बाकाच्या कडेवर ठेवून दिलं.

"माझं उष्टं आता चालेनासं झालं का तुम्हाला?"

"बाबा, तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

मी समजावलं, दादानं समजावलं. बाबांनी ऐकलं आणि भट्टीचं दार उघडलं. त्या दिवसापासून ते एकटेच काम करायला लागले. स्वतःच फुंकायचं, स्वतःच उठून बाकावर यायचं, स्वतःच आकार द्यायचा. छोट्या वस्तूंना ते चालतं. सुरईला दोन माणसं लागतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, तरी त्यांनी सुरईच काढायला घेतली. हट्ट मला कुठून आला ते यावरून कळावं. वहिनीनं शब्द पाळला होता, म्हणून दादा दारातूनच त्यांच्याकडे बघायचा आणि पोटावर हात ठेवायचा. तो दुखण्यानं ठेवायचा की दुःखानं, ते मला ओळखता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तो थोडका वेळही संपत आला होता.

एक दिवस दुपारी दादा घरात पडला होता आणि बाबा पुन्हा सुरई करत होते. मानेपाशी आकार जमत आला होता, पण फुंकायला कोणी नव्हतं. ते उठून टोकाकडे जाईपर्यंत काच गार झाली, टण्‌ असा आवाज झाला आणि मान तुटून खाली पडली.

मी आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचंय."

"माझ्या पोटाला काय धाड भरलीय? दगड पचवतो मी."

"तुमच्या पोटाचं बोलतच नाहीये मी. दादाच्या पोटाचं बोलतेय. त्याचं पोट फाडायची वेळ आलीय, बाबा. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय."

"मग अडलंय कुठे?"

त्यांनी चिमट्यानं तुटलेली मान उचलली, फुटकी काच ठेवायच्या पेटीत टाकली. मला वाटलं, आता भट्टीचं दार उघडणार. पण ते बाकावर बसले.

"दवाखान्यातल्या भिंतीवरचा तक्ता मी वाचलाय," ते म्हणाले. "तुझ्या दादाला दाखल केलं होतं तेव्हा, बाहेर बसून बसून. काही जणांना या जंतूनं पुढे कॅन्सर होतो, असं लिहिलंय त्यावर."

त्यांचं बोलणं कुठे चाललं होतं ते मला एका क्षणात कळलं, आणि थांबवावं असं वाटूनही मला थांबवता आलं नाही.

"पहिली फुंक माझी असायची," बाबा म्हणाले. "माझ्यामागून लगेच तिची. इतकी वर्षं. मोजदादच नाही. उद्या ती डॉक्टर पोरगी मला सांगणार, तुमच्यात आहे म्हणून. मग मी काय करायचं?"

मी रडले. बाबांसमोर मी कधी रडत नाही, त्या दिवशी रडले. सरळ 'तसं काही नसतं' म्हणून टाकणं सोपं होतं. पण उभा जन्म काचेत तडा शोधण्यात गेलेल्या माणसापुढे खोटं टिकत नाही, आणि मला ते बोलायचंही नव्हतं.

"तुमच्याकडून तिला गेला असेल," मी म्हणाले. "तिच्याकडून तुम्हाला आला असेल. नाहीतर दोघांना लहानपणीच आपापल्या घरी लागला असेल, बहुतेकांना तेव्हाच लागतो. आता कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. आणि हा ज्यांच्या पोटात असतो त्यांच्यातल्या अगदी थोड्यांना कॅन्सर होतो."

"तिला झाला."

"हो. तिला झाला." मी नाक पुसलं. "पण तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं, बाबा. तुम्हाला नाही, आईला नाही. आता माहीत आहे. हे माहीत असून तुम्ही घरी बसलात आणि दादाचं काही बरंवाईट झालं, तर ते मात्र तुमचं. त्यात मी तुम्हाला माफ करणार नाही."

एवढं कडक मी त्यांना कधी बोलले नव्हते. बोलल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होते.

तपासणी श्वासाची होती. आधी एक आंबट पाणी प्यायला दिलं, मग थोडा वेळ बसवलं, मग तिथल्या मुलीनं एक नळी लावलेली पिशवी पुढे केली. "आजोबा, यात फुंकायचं. दीर्घ श्वास घ्या, घाबरू नका, सावकाश सोडा. जमेल ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत मिस्कील काहीतरी दिसलं. "बघतो प्रयत्न करून," ते म्हणाले, नळी ओठांत धरली, आणि एका संथ फुंकेत पिशवी अशी काठोकाठ भरली की तिच्यावर एक सुरकुती राहिली नाही. ती मुलगी पिशवीकडे बघतच राहिली.

"आणखी एखादी आहे का?" बाबांनी विचारलं.

त्यांच्यात जंतू निघाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. बाईंनी आम्हा तिघांना गोळ्या लिहून दिल्या, तोंड कडू होईल म्हणाल्या, मधेच सोडायच्या नाहीत म्हणाल्या, आणि उद्या सकाळी तिघांनी एकदम सुरू करा म्हणाल्या.

सकाळी नाश्ता झाल्यावर वहिनीनं टेबलावर तीन वाट्यांत तीन वाटे मांडले. शाळेत खडू वाटावेत तसं तिचं चाललं होतं. मी माझ्या गोळ्या घेऊन मोकळी झाले. दादानं एकेक करत घेतल्या, प्रत्येक गोळीला तोंड वाकडं करत. बाबांनी वाटी तळहातावर ओतली आणि तसेच बसून राहिले.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"बाबा."

ते गोळ्यांकडेच बघत होते. "तू म्हणालीस ना, कदाचित तिच्याकडून मला आला असेल."

"कदाचित, म्हणाले मी."

"म्हणजे तिच्या पोटातला असेल हा. ती गेली, आणि हा माझ्यात राहिला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जाडाभरडा, फक्त हळू. "तिचं जिवंत असं एवढंच उरलंय गं माझ्यापाशी. तेही मीच मारायचं, जरा जिवावर येतंय."

दादाच्या हातातला पेला तसाच राहिला. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, तिथे करण्यासारखं काही नव्हतं तरी. मी म्हातारी होईपर्यंत मला ते वाक्य आठवेल. पण उत्तर शोधायला मला कुठे जावं लागलं नाही.

"बाबा, वर बघा," मी म्हणाले. "आम्ही दोघं कोणाची आहोत?"

त्यांनी वर पाहिलं. आधी दादाकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा दादाकडे. त्याची हनुवटी आईची आहे. माझं नाक तिचं, आणि जीभ तर अख्खी तिचीच, असं ओळखीतले सगळे सांगतात. आम्हाला दोघांना इतका वेळ त्यांनी कधीच न्याहाळलं नव्हतं. मग सगळ्या गोळ्या त्यांनी एकदम तोंडात टाकल्या, आणि पेल्यातलं पाणी संपेपर्यंत आमच्यावरची नजर काढली नाही.